फुटीचा शोक एकत्र कसा करावा: पुण्यातल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळींसाठी

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती एकतेचा प्रार्थना-सप्ताह असतो. त्यातला संयुक्त कार्यक्रम बहुतेक ठिकाणी कसा होतो हे सांगायला नको. दोन गायनमंडळे, तीन भाषणे, शाल-श्रीफळ, शेवटी समोसा. एकतेचा सत्कार होतो आणि जी एकता नाही तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. रविवारी एकाच सोसायटीतली दोन घरे दोन दिशांना जातात आणि वर्षभर तसेच चालते.

इथे दिली आहे ती वेगळ्या प्रार्थनेची पद्धत: चर्चमधल्या फुटीबद्दल शोक आणि पश्चात्ताप. साधारण शंभर-सव्वाशे माणसे, एक तास पाच मिनिटे, मराठीतून. सगळी रचना एका नियमावर उभी आहे. प्रत्येक बाजूने आपल्याच बाजूच्या पापाबद्दल रडायचे, समोरच्याच्या नाही. हा नियम ढिला पडला की प्रार्थनेचा वादविवाद होतो, आणि तोही देवाला साक्षीदार ठेवून.

आधी परवानग्या, मग पत्रिका

निदान सहा आठवडे हातात ठेवा. पहिली भेट त्या पॅरिशच्या फादरांची आणि त्या मंडळीच्या पाळकसाहेबांची, दोघांची एकाच आठवड्यात. एकाकडे आधी जाऊन सगळे ठरवले आणि दुसऱ्याला आयते निमंत्रण दिले, तर दुसरा पाहुणा होतो. पाहुणा कबुली देत नाही, शुभेच्छा देतो. भेटीला दोघे जण जा, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट. त्याच दोघांनी दोन्हीकडे जायचे.

फादर पहिला प्रश्न विचारतील: मिस्सा (परमप्रसादाचा विधी) आहे का? उत्तर स्पष्ट द्या की नाही, वचनाची प्रार्थना आहे. ही नुसती सोय नव्हे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ९०८ प्रमाणे धर्मगुरूला पूर्ण सहभागिता नसलेल्या चर्चच्या सेवकांबरोबर मिस्सा अर्पण करण्यास मनाई आहे, आणि मिस्सातले प्रवचन हे धर्मगुरू किंवा डीकन यांच्याकडेच राखलेले असते. मिस्सा ठेवलीत तर पाळकांना बोलता येणार नाही आणि अर्धी माणसे परमप्रसादाच्या वेळी बाकावर बसून राहतील. मिस्सा नसलेल्या प्रार्थनेत मात्र पाळक बोलू शकतात, वाचन करू शकतात, दोघे मिळून आशीर्वाद देऊ शकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी एकतेविषयी जो हुकूमनामा काढला, त्यात अशा एकत्र प्रार्थनेला परवानगीच नाही तर प्रोत्साहन आहे, आणि एकतेविरुद्ध केलेल्या पापांची देवाजवळ व विभक्त बंधूंजवळ क्षमाही मागितली आहे. फादरांना शंका असली तर ७ आणि ८ हे परिच्छेद दाखवा. वादाची गरज पडणार नाही.

पाळकसाहेबांचा प्रश्न वेगळा असेल: मरियेची प्रार्थना, मृतांसाठी प्रार्थना, धूप आहे का? याचेही उत्तर नाही. पण त्याबरोबर हेही सांगा की जागा कॅथलिक चर्चची असली तर तिथल्या मूर्ती झाकल्या जाणार नाहीत. यजमानाच्या घरातली भिंत पाहुण्यासाठी रंगवायची नसते. यावर कोणाचे अडत असेल तर चर्चऐवजी शाळेचा हॉल घ्या, आणि ते कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, पहिल्याच बैठकीत ठरवा.

मजकूर तयार झाला की तो दोन्ही बिशपांच्या कार्यालयात पाठवा, निदान तीन आठवडे आधी. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी, पेंटेकॉस्टल, जे कोणी सामील असतील त्यांच्या वरिष्ठांनाही तोच मजकूर. एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला सारांश असे करू नका. व्हॉट्सअॅपवर मजकुराच्या चार आवृत्त्या फिरू लागल्या की अर्थाचे अनर्थ होतात. म्हणून पीडीएफवर तारीख आणि आवृत्ती-क्रमांक घाला.

वार आणि वेळ

रविवार दोघांचाही गेला. शनिवारी संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये रविवारची मिस्सा असते आणि प्रोटेस्टंट गायनमंडळाचा सराव. बुधवारी अनेक कॅथलिक चर्चमध्ये नोव्हेना. शुक्रवारी घरोघरच्या प्रार्थना-सभा, आणि लेन्टमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) त्याच संध्याकाळी क्रुसाची वाट. राहिले सोमवार, मंगळवार आणि गुरुवार. सव्वासातला सुरुवात ठेवा. खराडी, हडपसर, पिंपरीहून येणाऱ्याला त्याआधी पोचणे कठीण. २५ जानेवारीची संध्याकाळ मोहाची असते, कारण सप्ताहाचा शेवट आणि पौलाच्या परिवर्तनाचा सण त्याच दिवशी येतो. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी, शनिवार-रविवार जोडून आला की अर्धे शहर महाबळेश्वरच्या वाटेवर.

जानेवारी जमत नसेल तर ३१ ऑक्टोबरच्या आसपास पाहा. १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये आपले ९५ मुद्दे मांडले ती ही तारीख. १९९९ मध्ये लूथरन आणि कॅथलिक यांनी आउग्सबुर्ग येथे नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या तीही हीच. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्वीडनमधल्या लुंड येथे लूथरन नेत्यांबरोबर संयुक्त प्रार्थना केली तीही हीच. त्या प्रार्थनेत आभार, पश्चात्ताप आणि पुढची वचनबद्धता असे तीन भाग होते. फक्त लक्षात ठेवा: २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक कबरस्तानात मृतांसाठी प्रार्थना करतात, आणि बहुतेक प्रोटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. दोन्ही तारखा एकाच कार्यक्रमात गुंफू नका.

जागेबाबत पुण्याच्या पूर्व भागात एक गंमत आहे. नाना पेठेतले कॅथलिक सिटी चर्च, ज्याची जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, आणि गुरुवार पेठेतले पंचहौदाचे १८८५ चे, सीएनआयचे पवित्र नाम देवालय यांच्यात पायी जाण्याइतकेच अंतर. त्यामुळे अर्धी प्रार्थना इथे, मग शांतपणे चालत तिथे, अशी कल्पना कोणाला तरी सुचतेच. पहिल्या वर्षी करू नका. रस्त्यावरून जायचे तर पोलीस ठाण्याची परवानगी, वाहतूक शाखा, म्हाताऱ्यांसाठी गाड्या. आणि त्या गर्दीतून शंभर माणसे शांत चालत जातील ही आशाच. एका वर्षी एकाकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे, हे पुरे.

कबुलीचा मजकूर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन गट करा, चार-चार जणांचे. कॅथलिक गट कॅथलिकांची कबुली लिहील, प्रोटेस्टंट गट प्रोटेस्टंटांची. प्रत्येकी १५० ते २०० शब्द, म्हणजे सावकाश वाचून दीड-दोन मिनिटे. बाकीचा वेळ प्रतिसादाला आणि शांततेला. मग मजकुरांची अदलाबदल करा. दुसऱ्या गटाने त्यात भर घालायची नाही. "तुम्ही हे लिहायला विसरलात" असे म्हणण्याचा हक्क या खेळात कोणालाच नाही. दुसऱ्या गटाने फक्त एवढेच पाहायचे की आपल्यावर आडून काही लादले आहे का.

आडून लादणे कसे होते ते ओळखायला शिका. "आमच्याकडून कठोरपणा झाला, पण त्या काळी..." यातला "पण" काढा. "आम्ही त्यांच्या अज्ञानावर रागावलो" ही कबुली नाही, आरोप आहे. "कोणाची मने दुखावली गेली असल्यास" हे नेत्यांच्या पत्रकातले वाक्य आहे, प्रार्थनेतले नाही. दुखावली गेली आहेत. "मानवी दुर्बलतेमुळे फूट पडली" यात कर्ताच नाही. कर्ता लिहा: आम्ही. दानीएलाच्या नवव्या अध्यायातली आणि नहेम्याच्या पहिल्या अध्यायातली प्रार्थना नमुना म्हणून समोर ठेवा. दोघेही आधीच्या पिढ्यांच्या पापाबद्दल बोलताना "त्यांनी" म्हणून थांबत नाहीत, स्वतःला त्यात धरतात.

दुसरी चूक म्हणजे सगळे काही जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये घडले असे दाखवणे. लूथरचा उल्लेख हवाच, पण कबुलीची निदान अर्धी वाक्ये अशी हवीत की मागच्या बाकावरच्या आजींना कळेल, हे आपल्या घरातले आहे. नमुन्यादाखल दोन तुकडे देतो. जसेच्या तसे वापरू नका, आपल्या मंडळीचे लिहा.

कॅथलिक वाचक: "प्रभो, ज्यांचा बाप्तिस्मा तुझ्याच नावाने झाला त्यांना आम्ही पाखंडी म्हटले. त्यांच्या घरी लग्न ठरले तेव्हा आम्ही आधी शोक केला आणि मग अटी घातल्या. तुझे वचन त्यांच्या हाती दिसले तेव्हा आम्हाला आनंद झाला नाही, आम्ही सावध झालो. आम्ही संख्येने मोठे आहोत याचा आम्हाला गर्व वाटला."

प्रोटेस्टंट वाचक: "प्रभो, ज्यांच्या ओठी तुझेच नाव होते त्यांना आम्ही मूर्तिपूजक म्हटले. मुलांना शिकवले की त्या दारातून आत जायचे नाही. त्यांची माणसे आमच्याकडे आली तेव्हा त्यांना आम्ही तुझे साक्षीदार म्हणून नव्हे, विजयाची निशाणी म्हणून उभे केले. मतभेद झाला की नवी मंडळी काढायची, आणि मग देवळाच्या जागेसाठी एकमेकांना कोर्टात खेचायचे, ही सवय आम्ही लावून घेतली."

प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर सर्वांचा एकच प्रतिसाद: "प्रभो, दया कर." नवा प्रतिसाद रचू नका. हा दोन्हीकडे तोंडपाठ आहे. कागदात डोके घालावे लागले की शोक थांबतो.

कबुली दहा आज्ञांच्या क्रमाने लिहिण्याची कल्पना चांगली वाटते, पण क्रमांक देऊ नका. कॅथलिक आणि लूथरन परंपरेत मूर्तीविषयीची आज्ञा पहिलीत धरतात आणि लोभाची आज्ञा दोन भागांत मोजतात. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर बहुतेक प्रोटेस्टंट मूर्तीची आज्ञा दुसरी मानतात. "पाचव्या आज्ञेविरुद्ध" असे वाचले की अर्ध्या लोकांना खून आठवतो, अर्ध्यांना आईबाप.

जातीचा प्रश्न आला तर टाळू नका. २०१३ च्या प्रार्थना-सप्ताहाचे जागतिक साहित्य भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केले होते, मीखा ६:६-८ या वचनावर, आणि त्यात दलित ख्रिस्ती जनांवरचा अन्याय हा एकतेचाच प्रश्न मानला होता. महाराष्ट्रात कोणत्या गावात कोणते मिशन गेले आणि कोणत्या वस्तीत थांबले, याला जोडून ही गोष्ट येते. एक-दोन वाक्ये, पण दोन्ही कबुल्यांत.

इतिहासाचे स्मरण आणि मेणबत्त्या

कबुलीच्या आधी सात मिनिटे इतिहास. सहा प्रसंग, प्रत्येकी चार-पाच वाक्ये, आणि प्रत्येकानंतर एक मेणबत्ती विझवायची. मध्ये एक मोठी मेणबत्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत जळत राहते. ती ख्रिस्ताची, तिला हात लावायचा नाही.

वाचकांचा नियम असा: कॅथलिकांनी केलेला जुलूम कॅथलिक वाचतो, प्रोटेस्टंटांनी केलेला प्रोटेस्टंट. पॅरिसमधले २४ ऑगस्ट १५७२ रोजी सुरू झालेले ह्युगेनॉट प्रोटेस्टंटांचे हत्याकांड कॅथलिक वाचील. झुरिकमध्ये ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मांझ याला प्रौढ-बाप्तिस्म्याच्या मतासाठी नदीत बुडवून मारले, तेही प्रोटेस्टंट सुधारणावादी सरकारने. हे प्रोटेस्टंट वाचील. इंग्लंडमध्ये मेरी राणीच्या काळात १५५५ ते १५५८ दरम्यान शेकडो प्रोटेस्टंट जाळले गेले, हे कॅथलिक. आणि एलिझाबेथच्या काळात जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू एडमंड कँपियन याला १ डिसेंबर १५८१ रोजी फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले, हे प्रोटेस्टंट. पाचवे, १६१८ ते १६४८ चे तीस वर्षांचे युद्ध, दोघांनी मिळून. सहावे आपल्या मातीतले: इथे आलेली फूट इथली नव्हती. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन आले, मग स्कॉटिश, अँग्लिकन, जेझुइट. आणि ज्यांनी विटेनबर्गचे नाव ऐकले नव्हते त्यांच्या नातवंडांना पंथाची आडनावे चिकटली.

आकडे कमी ठेवा. पॅरिसमध्ये किती मेले यावर इतिहासकारांचे एकमत नाही, आणि आकडा वाचला की शेजारी कुजबुजतो. गोव्याचे इन्क्विझिशन (१५६० मध्ये सुरू झालेले धर्मन्यायालय) या यादीत ओढू नका. त्याचा मुख्य जाच नवख्रिस्ती आणि हिंदूंना झाला. त्याची कबुली हवी, पण ती वेगळी आणि वेगळ्या लोकांसमोर.

आता मेणबत्त्या. सहा सारख्या, निदान दीड इंच जाडीच्या. बारीक मेणबत्ती वाऱ्याने आधीच विझते आणि अजून वाचायचा प्रसंग "संपून" जातो. त्या खोलगट पितळी ताटलीत, तळाशी बोटभर कोरडी वाळू घालून बसवा. फुंकर मारू नका: माइक जवळ असला तर स्पीकरमधून स्फोटासारखा आवाज येतो, आणि पातळ मेण उडून वेदीच्या कापडावर पडते. लांब दांड्याची, मेणबत्ती विझवायची टोपी कॅथलिक चर्चच्या सॅक्रिस्टीत (वस्त्रे-साहित्याच्या खोलीत) बहुधा मिळते. नसली तर लहान स्टीलची वाटी उलटी धरून तीन सेकंद झाका. विझल्यावर धुराची रेघ वर जाते ती दिसू द्या, पंखे आधीच बंद करा. वाचणाऱ्यानेच विझवावी, दुसऱ्या कोणी नाही.

दोन मेणबत्त्यांनी एक तिसरी पेटवायची, हे मात्र करू नका. लग्नात शोभते. इथे ती अजून न झालेल्या एकतेची घोषणा होते आणि आधीचे सगळे खोटे पडते.

क्रम

मिनिटांचा हिशेब असा. शांत प्रवेश ३, स्वागत ३, गीत ५, स्तोत्र ५१ आळीपाळीने ५, इतिहास ७, विलापगीत अध्याय ५ चे वाचन ४, शांतता ४, दोन कबुल्या ८, पुन्हा शांतता २, योहान १७:२०-२३ आणि प्रवचन १२, मध्यस्थीच्या प्रार्थना ६, प्रभूची प्रार्थना १, शांतीची खूण ३, आशीर्वाद १. एकूण ६४.

प्रवेशाला फादर आणि पाळक जोडीने येतील, पुढे-मागे नाही. खुर्च्या एकसारख्या. बिशप आले तरी सिंहासन नाही, हे त्यांच्या सचिवांना आधी सांगा. बिशपांची हरकत क्वचित असते, सचिवांची असू शकते. स्वागत म्हणजे मान्यवरांची यादी नव्हे. त्या तीन मिनिटांत कार्यक्रम काय आहे, टाळ्या वाजवायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, एवढेच सांगा.

स्तोत्र ५१ च्या एकोणीस ओव्या डावी बाजू आणि उजवी बाजू आळीपाळीने म्हणतील. डावीकडे कॅथलिक आणि उजवीकडे प्रोटेस्टंट असे बसू देऊ नका. दारात पत्रक देतानाच एकाला डावीकडे, एकाला उजवीकडे पाठवा. जोडपी आणि म्हातारे वगळून. जुन्या कॅथलिक पुस्तकांत हेच स्तोत्र ५० क्रमांकाने येते, म्हणून क्रमांकावर न जाता पूर्ण मजकूर पत्रकातच छापा. वाचने दोघांना मान्य असलेल्या ६६ पुस्तकांतूनच घ्या. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारातली आणखी सात पुस्तके आहेत, त्यांतले सुंदर उतारे दुसऱ्या एखाद्या दिवशी.

विलापगीताचा पाचवा अध्याय पूर्ण, बाविसाव्या ओवीपर्यंत वाचा. शेवट कडू आहे: देवाने आपल्याला टाकलेच आहे का, असा. यहुदी परंपरेत तो वाचून झाल्यावर एकविसावी, आशेची ओवी पुन्हा म्हणतात. तुम्ही म्हणू नका. लगेच पुढे चार मिनिटांची शांतता आहे, तिला हा कडवटपणा लागतो.

चार मिनिटे फार लांब वाटतात. दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी खोकेल, तिसऱ्याला कीबोर्डवाल्याला राहवणार नाही आणि तो हळूच सूर धरील. त्याला आधी बजावा. किती वेळ शांतता आहे ते आधी सांगा. अंदाज नसला की माणसे घड्याळ पाहतात. शेवटी लहान घंटी एकदा, आणि घंटी कोणाच्या हातात ते ठरलेले.

प्रवचन एकच, बारा मिनिटांत. दोन प्रवचने ठेवली की दोघे एकमेकांना उत्तर देतात. जागा एकाची असेल तर प्रवचन दुसऱ्याचे. प्रवचनकाराला एक विनंती: येशूने एकतेसाठी प्रार्थना केली ती क्रुसाच्या आदल्या रात्री, एवढे सांगून खाली बसला तरी चालेल. "आपण सगळे आतून एकच आहोत" असे म्हणून प्रश्न संपवू नये. प्रभुभोजनाला आपण एका मेजावर बसू शकत नाही, हे वास्तव आहे, आणि आजचा शोक त्याचाच आहे.

मध्यस्थीत सर्व चर्चच्या नेत्यांसाठी नावानिशी प्रार्थना करा, पोप आणि सीएनआयचे बिशप दोघांसाठी, आणि मिश्र विवाह झालेल्या घरांसाठी. ल्योंचे धर्मगुरू पॉल कुतुरिए यांनी १९३० च्या दशकात या सप्ताहाला जे वळण दिले तेच इथे धरा: ख्रिस्ताला हवी तशी एकता, त्याला हव्या त्या मार्गाने. "ते परत येवोत" नाही आणि "त्यांचे डोळे उघडोत" नाही.

प्रभूची प्रार्थना सर्वात सोपी वाटते आणि नेमकी तिथेच गडबड होते. "वाईटापासून सोडव" इथे कॅथलिक थांबतात, प्रोटेस्टंट "कारण राज्य, सामर्थ्य व गौरव" असे पुढे जातात. अर्धे चर्च आमेन म्हणते, अर्धे चालू असते. पूर्ण मजकूर छापा आणि शेवटची ओळ ठळक करा. कॅथलिकांना ती परकी नाही. मिस्सात धर्मगुरूच्या छोट्या प्रार्थनेनंतर तेही ती म्हणतातच. विश्वासांगीकार घ्यायचा असेल तर प्रेषितांचा घ्या, आणि "पवित्र सार्वत्रिक" हे शब्द छापून मोकळे व्हा.

बाप्तिस्म्याची आठवण म्हणून पाणी शिंपडणे अनेकांना सुचते. कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट असतील तर उत्तम, कारण ते एकमेकांचा बाप्तिस्मा मानतात. पेंटेकॉस्टल किंवा बॅप्टिस्ट असतील तर बालबाप्तिस्म्याचा प्रश्न उठतो, आणि साल्व्हेशन आर्मीत बाप्तिस्मा देत नाहीत. तिघांपैकी कोणी असेल तर वगळा.

शांतीची खूण नमस्काराने. मिठी, हस्तांदोलन ज्याचे त्याने. आशीर्वाद गणना ६:२४-२६ चा, फादर आणि पाळक एकत्र म्हणतील. नंतर गीत नाही. गाजत-वाजत बाहेर पडण्याची आपल्याला फार सवय आहे, म्हणून हे पत्रकातच लिहा: "सर्वांनी शांतपणे बाहेर पडावे."

गीते, पत्रक, आवाज

गीत एकच असल्याने निवड सोपी. दोन्हीकडे माहीत असलेले हवे. नारायण वामन टिळकांची भजने त्यात पहिली तपासा. टिळकांनी १९१७ मध्ये काढलेला देवाचा दरबार मिशनांच्या कुंपणांबाहेर होता आणि तिथे बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जागा होती, हेही या संध्याकाळी शोभते. शब्द दोन्हीकडे थोडे वेगळे म्हणत असतील तर पत्रकातले अंतिम. पेटी, तबला, झांज पुरे, ड्रम नको. पट्टी गायकाच्या नव्हे, मागच्या बाकाच्या सोयीची.

पत्रक ए-फोर कागद मधोमध दुमडून. मजकूर चार पानांत मावत नसेल तर दोन कागद घ्या, अक्षर लहान करू नका. १४ पॉइंटपेक्षा लहान नाही, सर्वांनी म्हणायचे ते ठळक. येणाऱ्यांपेक्षा वीस प्रती जास्त. छपाईचा खर्च दोन्ही मंडळींनी अर्धा-अर्धा. दान गोळा करू नका, हिशेबात दुसऱ्या दिवसाचे भांडण दडलेले असते.

नंतर आवारात चहा ठेवा. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहाने पुण्यात केवढे ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) झाले होते ते आठवून घेतला तर आणखी गोड लागतो. चहाला वेगवेगळी टोळकी होतात. दोन्ही गटांतल्या लिहिणाऱ्या आठ जणांनी किटल्या हातात घेतल्या तर होत नाहीत.

त्यानंतर

१९५२ च्या चर्चच्या जागतिक लुंड परिषदेतून आलेले तत्त्व असे की ज्या गोष्टी खोल श्रद्धाभेदामुळे वेगळ्या कराव्या लागतात त्या सोडून बाकी सगळे चर्चनी एकत्र करावे. यावरून वर्षाला एकच काम धरा: दहावीच्या मुलांची अभ्यासिका, रुग्णालयातल्या भेटी, कबरस्तानाची सफाई. दोन कामे धरली की दोन्ही सुटतात. घाईही नको. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झाली, त्या बोलण्यांची सुरुवात १९२९ मध्ये झाली होती, आणि शेवटच्या टप्प्यावर मेथडिस्टांचा एक मोठा गट बाहेर राहिला.

मिश्र विवाहाच्या घरांसाठी याच प्रार्थनेचे लहान रूप करता येते. एक मेणबत्ती, स्तोत्र १३०, दोन मिनिटे शांतता, मग नवरा-बायकोने आपापल्या घराण्याबद्दल एकेक वाक्य, प्रभूची प्रार्थना पूर्ण. पंधरा मिनिटे. मुलांसमोर करायचे असेल तर मुलांना वाक्य म्हणायला लावू नका. ती फूट त्यांनी पाडलेली नाही.

अशा घरांना सर्वात जड प्रसंग अंत्यविधीचा. मृत व्यक्ती प्रोटेस्टंट आणि घर कॅथलिक असेल, आणि तिचे पाळक उपलब्ध नसतील, तर कॅथलिक संहितेच्या कलम ११८३ प्रमाणे बिशपांच्या विवेकाने कॅथलिक अंत्यविधी मिळू शकतो, तिची स्वतःची इच्छा विरुद्ध नसल्यास. उलट बाजूने काय चालते ते पाळकांना विचारावे लागेल. दफनाची जागा कोणत्या कबरस्तानात, घरातल्या कबरीत दुसऱ्या पंथाचे नाव चालते का, प्रार्थना कोण म्हणेल, हे प्रश्न घरात कोणी आजारी नसताना विचारून, उत्तर लेखी घेऊन ठेवा.